पाठ केलेला रस्ता

सोमवारी पहाटे सव्वापाचला सिझाकेलेने दुधाच्या एका रिकाम्या क्रेटला सणसणीत लाथ घातली. मुद्दाम नव्हे. क्रेट तिला दिसलाच नव्हता.

क्रेट काही नखाएवढा नव्हता. चांगला गुडघ्यापर्यंत येणारा, दुकानाबाहेर रस्त्याच्या कडेला उपडा घातलेला. दोन कुत्री भुंकायला लागली. सिझाकेलेच्या डाव्या नडगीतून कळ गेली, पण त्या कळेकडे बघायला तिला सवड नव्हती, कारण उजव्या हाताला नोम्बुसो धावत होती. दोघींच्या मधे बुटाची एक नाडी. नाडीच्या एका टोकाचा फास सिझाकेलेच्या बोटांत, दुसऱ्या टोकाचा नोम्बुसोच्या. नोम्बुसोचे डोळे चौथ्या वर्षी गोवराने नेले, आता ती बावन्न वर्षांची होती. रस्त्यावर तिचे डोळे म्हणजे सिझाकेले. धावण्याच्या क्लबच्या वहीत तिच्या नावापुढे 'गाइड' असं लिहिलेलंच होतं.

"काय उडवलंस गं?" नोम्बुसोने विचारलं.

"क्रेट. तुझ्या वाटेत येत होता, सिसी, म्हणून बाजूला केला." सिझाकेले तिला सिसी म्हणायची, म्हणजे ताई.

"माझ्या वाटेत? मी उजवीकडे, क्रेट डावीकडे. सिझा, तुला फुटबॉल खेळायचा असेल तर सरळ सांग. मी गोलकीपर होते."

ती खदखदून हसली. सिझाकेलेही हसली, पण पुढची सगळी वाट ती मान डावीकडे वळवून बघत राहिली.

सहा आठवड्यांपूर्वीपर्यंत नोम्बुसो तिच्या डाव्या हाताला धावायची. मग एकदा सिझाकेलेने खांदा दुखतोय असं सांगून बाजू बदलून घेतली. खांदा ठणठणीत होता. डाव्या डोळ्याच्या कडेचं जग मात्र कोणीतरी हळूहळू पुसत चाललं होतं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. समोरचं सगळं स्वच्छ दिसे. शाळेच्या गणवेशांवर काजं करताना सुईत दोरा ती पहिल्या फटक्यात ओवायची. पण डावीकडून एखादं माणूस आलं तर ते एकदम अंगावर उगवायचं, जमिनीतून निघाल्यासारखं.

हे काय आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तीच तर पंचाईत होती. तिची आई अशीच दारांच्या चौकटींना धडकायला लागली होती. मग चहाचा कप टेबलाच्या बाहेर ठेवायला लागली. शेवटी सिझाकेलेच्या धाकट्या भावाने तिला दवाखान्यात नेलं. काचबिंदू, डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. त्यानंतर आई अकरा वर्षं दारामागच्या खुर्चीत बसून होती. कोण आलं, कोण गेलं, एवढंच विचारायची. सिझाकेलेने त्यातून घ्यायचं शहाणपण नेमकं उलटं घेतलं. आई दवाखान्यात गेली आणि आंधळी होऊन आली, म्हणून आपण जायचंच नाही. शहाणी बाई, क्लबात नवख्यांना चार गोष्टी सांगणारी, पण भीतीपुढे शहाणपण चालत नाही.

मग ती धावायची कशी, आणि दुसऱ्याला धाववायची कशी? पाठांतराने. त्यांचा रोजचा चार किलोमीटरांचा रस्ता तिने चक्क पाठ केला होता. चर्चपासून नव्वद पावलांवर पहिला ब्रेकर. मग उघडं गटार, झाकण अर्धं. टॅक्सीथांब्यानंतर रस्ता उजवीकडे कलतो. "ब्रेकर, दोन पावलं," ती म्हणायची, आणि ब्रेकर बरोब्बर दोन पावलांवर यायचा. त्यांच्या गावच्या, एडनडेलच्या सगळ्या खोऱ्यात इतका नेमका गाइड नव्हता. लोक कौतुक करायचे, आणि प्रत्येक कौतुकाने तिचा जीव खालीवर व्हायचा.

मंगळवारी संध्याकाळी क्लबची पाच किलोमीटरांची नेहमीची घड्याळ लावून धावायची चाचणी होती. जून म्हणजे इथे ऐन थंडी, साडेपाचलाच अंधारून येतं, आणि अंधारात सिझाकेलेला जे काही दिसत होतं त्यातलंही निम्मं जायचं. मैदानावर साठेक जण उड्या मारत अंग गरम करत होते. तिने नोम्बुसोला अगदी मागे नेऊन उभं केलं.

"इथे का? इथे तर गरोदर बायका आणि पोटं सुटलेले पोलीस उभे असतात," नोम्बुसो म्हणाली.

"गर्दी आहे, सिसी."

"गर्दी नेहमीच असते. शनिवारच्या शर्यतीत मला सत्तर मिनिटांच्या आत यायचंय हे लक्षात आहे ना? गेल्या वर्षी बहात्तर झाली. त्या दोन मिनिटांनी मला वर्षभर झोपू दिलेलं नाही."

त्या दिवशी त्या दोघी पोलिसांच्याही मागे राहिल्या. क्लबचे कप्तान बाबा म्चुनू घड्याळ हातात धरून उभे होते. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे सगळ्यांना अजून विद्यार्थीच समजायचे. वेळ वाचून त्यांनी भुवया उंचावल्या, पण बोलले वेगळंच.

"मा-झोंडी, एक काम आहे तुझ्याकडे." बाहेरचे लोक सिझाकेलेला माहेरच्या आडनावाने असं मानाने हाक मारत. "पुढच्या महिन्यात दोन नवीन गाइड तयार करायचेत. शिकवायला तूच. तुझ्यासारखा डोळा क्लबात दुसरा नाही."

बाबा चेष्टा करत नव्हते. सिझाकेलेने मान डोलावली, नाक शिंकरायच्या निमित्ताने बाजूला झाली आणि तिथे ठेवलेल्या सायकलीला धडकली.

बुधवारी विश्रांती. ती दिवसभर यंत्रावर बसून कॉलर शिवत राहिली. दुपारी शेजारीण वाफेवर उकडलेला पाव घेऊन आली आणि दोन वेळा बोलली, तेव्हा सिझाकेलेला कळलं की डाव्या बाजूला कुणी उभं आहे. शेजारीण म्हणाली, "कशात हरवलीस? प्रेमात पडलीस की काय या वयात?" सिझाकेलेने तिच्या हातातला पाव घेतला आणि म्हणाली, "पडले तर तुलाच आधी सांगेन." एकटी झाल्यावर तिने ठरवलं. उद्या नोम्बुसोला सांगायचं. पायांत पाय अडकून आपण पडलो तर पडलो, पण ती बाई डोळे मिटून आपल्यामागे येते, तिला पाडायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

गुरुवारी चढाचा सराव होता. दवाखान्यामागच्या टेकाडावर सहा वेळा वर, सहा वेळा खाली. नोम्बुसो त्याच सरकारी दवाखान्यात टेलिफोनवर कामाला होती, एकोणीस वर्षं. चौथ्या फेरीनंतर दोघी कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभ्या राहिल्या. खाली कुठेतरी गवत जाळलं होतं, धूर घशात जात होता.

"सिसी, एक सांगायचंय."

"आधी मी," नोम्बुसो म्हणाली. ती नेहमी असंच करायची. "तुझ्याआधी माझे तीन गाइड झाले, माहीत आहे तुला. पहिला धावताना फोनवर बायकोशी भांडायचा. दुसरीला घाई. तिसऱ्याने मला खांबावर घातलं. हे पुढचे दोन दात बघ, विकतचे आहेत. तेव्हापासून मी धावायचे ते घाबरत धावायचे. प्रत्येक पाऊल टाकताना वाटायचं, आता काहीतरी येणार तोंडावर. तुझ्याबरोबर पहिल्यांदा मी न घाबरता धावले. एवढंच सांगायचं होतं. आता तू बोल."

सिझाकेलेची नजर नोम्बुसोच्या बुटांवर गेली.

"शनिवारी मोजे जाड घाल," ती म्हणाली. "थंडी आहे."

"हे सांगायचं होतं?"

"हो."

नोम्बुसोने नाडीचा फास परत बोटांत अडकवला. मग म्हणाली, "बरं. घालते."

शुक्रवारी सकाळी आजारी पडावं असं सिझाकेलेच्या मनात आलं. ताप आला म्हणून सांगायचं. पण दुसरा गाइड तयारच नव्हता, म्हणजे नोम्बुसोची शर्यत बुडणार, आणि ती दोन मिनिटं आणखी एक वर्ष तिला छळणार. असं असं तिच्या मनात चाललं होतं. खरं कारण त्याहून साधं होतं. एकदा आजारी पडल्याचं सांगितलं की लोक बघायला येतात, आणि भित्यापाठी ब्रह्मराक्षस तसं तिला वाटत होतं की जो येईल तो आपल्या डोळ्यांतच बघेल.

म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी, जेव्हा धावणाऱ्याने पाय वर करून पडून राहायचं असतं, तेव्हा ही बाई शर्यतीचा दहा किलोमीटरांचा सगळा रस्ता चालून आली. भर दुपारी, लख्ख उन्हात, मान सारखी डावीकडे वळवत. सतरा ब्रेकर. तीन गटारं. पेट्रोलपंपाशी रस्ता फुटलेला. सातव्या किलोमीटरनंतर लांब उतार, डांबर गुळगुळीत, डावीकडे मातीचा रुंद पट्टा, अडचण काही नाही. शाळेत पाठांतरात ती पहिली यायची. घरी पोचली तेव्हा तळपायांची आग होत होती, पण सगळा रस्ता डोक्यात बसला होता. चार दिवसांत पहिल्यांदा तिने पोटभर जेवण केलं.

शनिवारी सातला शर्यत सुटली. सूर्य नुकताच टेकडीवर आला होता. चारेकशे माणसं, तोंडातून वाफा, पुढे कोणीतरी ढोल बडवत होतं. नोम्बुसोच्या छातीवर नंबराखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: अंध धावक. सिझाकेलेच्या छातीवर: गाइड.

आणि पाठांतराने तिला दगा दिला नाही. "ब्रेकर, दोन पावलं. उजवीकडे कल. गटार, लांब पाऊल, आत्ता." माणसांच्या पाठी समोर असल्या की तिला दिसायच्याच. तिसऱ्या किलोमीटरला पाणी घेतलं, पाचव्याला घड्याळ बघितलं. चौतीस मिनिटं.

"चौतीस!" नोम्बुसो ओरडली. "सिझा, आज आपण त्या पोलिसांना धूळ चारणार!"

सिझाकेलेलाही वाटायला लागलं की जमेल. एवढी शर्यत होऊन जाऊ दे, मग बघू. माणूस देवाशी असाच घासाघीस करत असतो.

सातव्या किलोमीटरनंतर उतार लागला. उतारावर सगळ्यांचेच पाय सुटतात, यांचेही सुटले. "सरळ," सिझाकेले म्हणाली. "लांब उतार, मोकळा, पळ!" पुढे कुठेतरी पोरी ओरडत होत्या, "पाणी! पाणी!" आवाज कुठून येतोय ते तिला उमगेना. काल इथे काही नव्हतं. आज पहाटे पाण्याचं टेबल मांडणाऱ्यांना मातीच्या पट्ट्यावर ओल लागली, म्हणून त्यांनी टेबल उचलून सरळ डांबरावर आणलं होतं.

टेबलाचा कोपरा तिच्या डाव्या कमरेत घुसला. जग एकदा गर्रकन फिरलं. पाण्याच्या पिशव्या फटाफट फुटल्या, तळवे डांबरावर सोलवटले आणि बोटांतून नाडी निसटली.

ती पोटावर पडली होती, आणि समोर, अगदी समोर, तिला नोम्बुसोची पाठ दिसत होती. क्लबचा पिवळा बनियन, घामाचा डाग, खांद्यावर सुटलेला दोरा, सगळं स्वच्छ. नोम्बुसो उताराच्या ओघात एकटीच पुढे चालली होती. लोंबणारी नाडी तिच्या मांडीवर आपटत होती. चार पावलं, पाच पावलं. ती उजवीकडे सरकत होती. उजवीकडे रस्ता अडवायला लावतात तसले प्लास्टिकचे सुळके मांडलेले, आणि सुळक्यांपलीकडचा अर्धा रस्ता गाड्यांना खुला होता. खालून एक टॅक्सी हॉर्न दाबत चढत होती.

सिझाकेले कोपरांवर उठायला गेली आणि परत पडली. जन्मात ती इतकी घाबरली नव्हती. नोम्बुसोच्या पायाने एक सुळका उडाला.

"थांब! सिसी, थांब! हलू नकोस!"

नोम्बुसो जागच्या जागी खिळली. टॅक्सी तिच्यापासून हातभर अंतरावरून गेली. वाऱ्याने तिचा बनियन फडफडला. ती दोन्ही हात पुढे करून उभी राहिली, आणि माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी धावत जात राहिली.

सिझाकेले कशीबशी उठली आणि तिचा दंड धरून तिला कडेला घेऊन आली.

"लागलं तुला?" नोम्बुसोने विचारलं.

"नाही. पाय घसरला. पाण्यावरून."

"पाण्यावरून."

"हो."

"सिझा, माझ्यासमोर उभी राहा. माझ्या नाकाकडे बघ. नाकावरून नजर हलवायची नाही." नोम्बुसोचा आवाज एकदम खाली आला होता. दवाखान्यात फोनवर ती असंच बोलत असावी. तिने आपला उजवा हात उचलून सिझाकेलेच्या डाव्या बाजूला लांब धरला. "किती बोटं?"

"सिसी, वेळ जातोय. लोक बघताहेत."

"बघू दे. किती बोटं?"

सिझाकेले त्या नाकाकडे बघत राहिली. नाक दिसत होतं. विकतचे दात दिसत होते. हात कुठेच नव्हता. हाताच्या जागी काळोखही नव्हता, काहीच नव्हतं.

"तीन," ती म्हणाली.

नोम्बुसोने दुसऱ्या हाताने तिचं मनगट पकडलं आणि तिची बोटं आपल्या उचललेल्या हातावर नेऊन टेकवली. मूठ घट्ट मिटलेली होती. एकही बोट वर नव्हतं.

सिझाकेलेला रडू कोसळलं. रस्त्याच्या कडेला, टेबलवाल्या पोरींसमोर, सेहेचाळीस वर्षांची बाई हुंदके देऊन रडली. "आईसारखं होणार माझं. मला दारामागे नाही बसायचं. मी तुला मारलं असतं, सिसी, आत्ता मारलं असतं."

"मारलं असतंस," नोम्बुसो म्हणाली. "आणि मीही मरायलाच आले होते, कारण मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पाच आठवडे झाले. तू रस्ता सांगतेस, रस्त्यावरचं सांगत नाहीस. ब्रेकर सांगतेस, गटार सांगतेस. पूर्वी तू म्हणायचीस, कुत्रं आहे, आजी येतेय, कुणीतरी चप्पल टाकलीय. आता कुत्रं नाही, आजी नाही. सगळ्या आज्या काय एकदम मेल्या? डोळ्यांच्या विभागाचे फोन मी जोडते, बाई. लोक घाबरून मलाच सगळं सांगून टाकतात, डॉक्टरला सांगायच्या आधी."

"मग बोलली का नाहीस?"

नोम्बुसोने हातातली नाडी बोटांभोवती गुंडाळली, परत सोडली. "गुरुवारी तू सांगशील असं वाटलं. तेव्हा मीच तुझं तोंड बंद केलं, ते दातांचं पुराण लावून. तू थांबलीस की मला परत घरात बसायला लागणार. त्याची भीती वाटली मला. तुझ्याइतकीच मीही खोटारडी."

हे सिझाकेलेच्या ध्यानीमनी नव्हतं.

"तुझ्या आईला उशीर झाला होता. तुझं गेलं ते गेलं, परत यायचं नाही, ते मी गोड करून सांगणार नाही. पण डोळ्यांत घालायला थेंब असतात. उरलेलं पुष्कळांचं टिकतं. पुष्कळांचं म्हणाले, सगळ्यांचं नाही. आता डोळे पूस, अजून अडीच किलोमीटर आहेत."

"मी नाही धाववू शकत तुला."

"तू नाहीसच धाववणार. मागून काय येतंय ऐक."

उतारावरून गाणं येत होतं. वीसपंचवीस जणांचा जथा एका लयीत पावलं टाकत, एकजण म्हणतोय आणि बाकीचे ओढताहेत असा. अशा जथ्याला इथे बसच म्हणतात. पुढच्याने काठीवर वेळ लिहिलेली झेंडी धरायची आणि मागच्या सगळ्यांना त्या वेळात पोचवायचं. या बसच्या झेंडीवर ऐंशी लिहिलं होतं, आणि ती धरणारी बाई दुसऱ्या कुठल्याशा क्लबची, दणकट, घामाने चमकणारी होती.

नोम्बुसोने दोन्ही हात डोक्यावर उचलले.

"ओ बसवाल्यांनो! थांबू नका, नुसती जागा करा! आम्ही दोघी आंधळ्या आहोत, आम्हाला मधे घ्या!"

दोघी. मला दिसतंय, मला अजून दिसतंय, असं ओरडावं म्हणून सिझाकेलेने तोंड उघडलं. तिच्या छातीवर तर 'गाइड' लिहिलेलं होतं. पण झेंडीवालीने ना छातीकडे बघितलं, ना एक प्रश्न विचारला.

"या गं बायांनो, या! आंधळ्यांच्या गाई देव राखतो, देव दमला तर आम्ही आहोत. ए, तू उजवीकडे हो. आणि तू, हिच्या डाव्या अंगाला राहा, हिला तिकडून लागलेलं दिसतंय."

बस त्यांना पोटात घेऊन पुढे निघाली. सिझाकेलेच्या डाव्या खांद्याला कुणाचा तरी खांदा लागला. बाई होती की बाप्या, तिला दिसलं नाही. श्वास ऐकू येत होता, कपड्यांना चुलीचा वास होता. ब्रेकर आला की पुढून एकजण ओरडे आणि सगळे मिळून तो शब्द मागे पोचवत. तिच्या पाठ केलेल्या ब्रेकरांची आता कोणाला गरज नव्हती, तरी तोंडातल्या तोंडात ती मोजत राहिली. कमर ठणकत होती. भीती तशीच होती, तसूभरही कमी झाली नव्हती.

"सत्तर गेली, सिसी," ती म्हणाली.

"गेली तर गेली. सोमवारी सातला डोळ्यांचा विभाग उघडतो. मी येते तुला न्यायला."

दोन मोठे रस्ते ओलांडून, टॅक्सीथांब्याच्या गर्दीतून, काठी टेकत ही बाई एकटी आपल्याला न्यायला येणार. सिझाकेलेला ते चित्र अगदी स्पष्ट दिसलं. नको, मी येईन माझी मी, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. तिने नाडीचा फास बोटांत घट्ट केला.

"ये," ती म्हणाली.